विद्येचे ऋण



आपल्या विद्यानिधीच्या साहाय्याने अनेक मुले अभियंते झाली. ते ऋण कोठे फेडावे, याविषयी आम्ही दोन शब्द निवेदन करितो.

नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव हे सातपुड्यातील आदिवासी गाव. विजेच्या तारा तेथवर पोहोचल्या नव्हत्या. परंतु जवळच धबधबा होता. केरळातून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी मार्ग दाखविला, ग्रामस्थांनी श्रमदानाने बंधारा बांधला, आणि २००३ साली १५ किलोवॅटचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन घरोघर दिवे लागले. पुढे २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते केंद्र बुडविले, ही खेदाची गोष्ट होय. तथापि गावकरी स्वतः वीज निर्माण करू शकतात, हे तेथे सिद्ध झाले.

आज दुर्गम पाड्यांवर सौरदिवे दान देणारे पुष्कळ आहेत. परंतु काही वर्षांनी बॅटरी निकामी होते, दुरुस्ती जाणणारा जवळ नसतो, आणि पुन्हा रॉकेलची चिमणी पेटते. म्हणून आमची सूचना अशी की, विद्यानिधीचा लाभ घेतलेल्या प्रत्येक अभियंत्याने एक महिना अशा पाड्यावर राहून तेथील दोघा तरुणांना, शक्यतो त्यांत एका भगिनीला, दुरुस्तीचे काम शिकवावे.

सभेने या सूचनेस अनुमोदन द्यावे, अशी नम्र विनंती आहे.