चिमणी, टॉवर आणि आपण

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



लोकमान्यांच्या काळापासून गणपतीच्या मांडवात आरतीइतकाच व्याख्यानालाही मान आहे. त्या परंपरेचा आधार घेऊन आज एका अगदी लहान जीवाविषयी बोलणार आहे. तो जीव म्हणजे चिमणी. इथे बंगळुरूत तिला ‘गुब्बच्ची’ म्हणतात. चिऊकाऊच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्याला ती घरचीच वाटते. बसवनगुडी, मल्लेश्वरमच्या जुन्या कौलारू घरांत भिंतीवरच्या तसबिरीमागे तिचे घरटे असायचे. आता सज्जांवर पारवे घुमतात आणि चिमणी मात्र शोधावी लागते.

ती कुठे गेली, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर तयार असते : ‘मोबाइलचे टॉवर!’ या उत्तराने मोठा प्रवास केला. २०१० साली केंद्र सरकारने समिती नेमली, तिने सावधगिरीचा सल्ला दिला. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. त्यामागे माणसांच्या आरोग्याची चिंताही होती. त्याच वर्षी दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केले. २०१८ साली रजनीकांतच्या ‘२.०’ चित्रपटाचे कथानकही याच समजुतीवर उभे राहिले.

आता शास्त्र काय म्हणते? या प्रश्नावर मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २००७ साली बेल्जियममधल्या एका अभ्यासात, जिथे लहरी जास्त तिथे नर चिमण्या कमी, असे आढळले होते. पण टॉवर दाट कुठे असतात? जिथे वस्ती आणि सिमेंट दाट, तिथेच! मग दोष नक्की कोणाचा, हे एवढ्यावरून ठरत नाही.

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेतले आकडे बघा. १९२५ साली तिथे २,६०३ चिमण्या मोजल्या गेल्या. १९४८ साली ८८५, १९७५ साली ५४४ आणि २००० साली अवघ्या ८. ब्रिटनमध्ये मोबाइल सुरू झाला १९८५ साली! म्हणजे मोठी घसरण त्याच्या आधीच झाली होती. आपल्याकडे पंधरा हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली देशातल्या पक्ष्यांचा अहवाल तयार झाला. त्यात देशभरात चिमण्या साधारण स्थिर, पण बंगळुरूसह सहा महानगरांत कमी होत चाललेल्या दिसल्या. टॉवर तर आता खेडोपाडीही आहेत.

राज्यकर्त्यांनी भलत्यालाच दोषी ठरवले की काय होते, हे चीनने दाखवले. १९५८ साली तिथे उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या अशा चार शत्रूंविरुद्ध मोहीम निघाली. (त्या यादीत बाप्पांचे वाहनही होते, बरं का!) लोकांनी थाळ्या आणि ढोल बडवून चिमण्यांना बसूच दिले नाही, त्या थकून मेल्या. मग पिकांवरची कीड वाढली. पुढे जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होते. १९६० साली यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला गेला. तिथे चिमणीला गुन्हेगार ठरवले, इथे टॉवरला. पण दोन्हीकडे आधी निकाल आणि मग चौकशी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

चिमणीच्या गरजा साध्या आहेत. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिलांना पहिल्या दिवसांत किडे आणि अळ्याच लागतात. घरट्याला भिंतीतले भोक किंवा वळचण लागते, लपायला झुडूप आणि अंगाला चोळायला माती लागते. काचेच्या इमारतीत यातले काय आहे?

आमच्या सोसायटीच्या एका सभेत शेजारच्या गच्चीवरचा टॉवर हटवावा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्याच सभेत आवारात फरशी घालणे, मेंदीचे कुंपण काढणे आणि महिन्याला कीटकनाशक फवारणे हेही मंजूर झाले. विसंगती मी बोलून दाखवली; सभा संपायची वेळ झाली होती. टॉवर दुसऱ्याचा असतो, फरशी आपली असते. म्हणून टॉवरवर एकमत चटकन होते.

टॉवर पूर्ण निर्दोष आहेत, असे मी म्हणत नाही. त्याचा अभ्यास होत राहावा. पण जे ठाऊक आहे त्यावर तरी आज काम करू. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर हे आपल्या नाशिकचे आहेत. येत्या २० मार्चला मंडळाच्या प्रत्येक घराने सकाळी अर्धा तास आपल्या परिसरातल्या चिमण्या मोजाव्यात आणि आकडा, शून्य असला तरी, वहीत लिहावा. आवाराचा एक कोपरा फरशीविना आणि फवारणीविना ठेवावा. पाच वर्षांनी ती वही याच मांडवात वाचू.

गजानन ही बुद्धीची देवता आहे. त्याच्यासमोर एवढी विनंती करून आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!