समुद्राने दिलेला अवधी



२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळचा समुद्रतळ हादरला. तेथून चेन्नई सुमारे २,००० किलोमीटर. त्या धक्क्याची वार्ता तीन वाटांनी निघाली.

पहिली वाट खडकाची. समुद्रतळाखालील प्रावरणात प्राथमिक तरंग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर धावतात. पाच मिनिटांच्या आत ते चेन्नईला पोहोचले. मागून येणारे दुय्यम तरंग कणांना आडवे हलवतात. द्रवाला स्वतःचा आकार नसल्याने ते पाण्यात शिरू शकत नाहीत.

दुसरी वाट पाण्यातील ध्वनीची. तळातून पाण्यात आलेले कंपन सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जाते. उष्ण सागरांत साधारण एक किलोमीटर खोलीवर ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो. त्या थरात अडकलेला आवाज फारसा न विरता हजारो किलोमीटर पोहोचतो.

तिसरी वाट त्सुनामीची. तळ उचलला जाताच वरचे पाणी ढकलले गेले आणि सुमारे अडीच तासांनी चेन्नईच्या किनाऱ्यावर आदळले.

एवढा अवधी हाती असूनही हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणा नव्हती. हैदराबादचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ मध्ये सुरू झाले.

मात्र त्याच दिवशी थायलंडमधील फुकेतच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या टिली स्मिथने फेसाळते पाणी ओळखले आणि माणसे वेळीच दूर गेली. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या वर्गात भूगोलाच्या तासाला त्सुनामीचा धडा झाला होता.