मातीचा मावळा आणि त्याचा पोशाख

दिवाळींत मुलें जो मातीचा किल्ला करतात, त्यावर उभ्या राहणाऱ्या मावळ्याच्या पोशाखाविषयीं मी आज आपणांशीं चार शब्द बोलणार आहें. विषय लहान आहे, आणि बाहुलें तर त्याहूनहि लहान. परंतु मराठी घरांतील मुलाला इतिहासाची पहिली ओळख पुस्तकानें होत नसून या बाहुल्यानें होते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. चौथीच्या इयत्तेंत शिवचरित्र शिकवावयास आरंभ करण्यापूर्वीं मी मुलांना मावळ्याचें चित्र काढावयास सांगत असें. पाठ्यपुस्तक अजून उघडलेलेंहि नसे. तरी बहुतेक मुलें एकच मावळा काढीत. पागोटें भगवें, अंगरखा पांढरा शुभ्र, कमरेस तांबडा पट्टा, आणि मिशा भरघोंस! हा मावळा त्यांना कोणीं शिकविला? तो थेट किल्ल्यावरून वर्गांत उतरलेला असे.

परळ, लालबाग, भोईवाडा या आमच्या भागाला मातीच्या मूर्तींची अपूर्वाई नाहीं. गणेशोत्सवापूर्वीं कित्येक महिने येथील मूर्तिशाळांत दिवसरात्र काम चालतें. गणपति गेले, दसरा झाला, कीं बाजारांत किल्ल्यावरचीं बाहुलीं दिसूं लागतात. पुण्याकडे त्यांना नुसतें 'चित्रें' असेंच म्हणतात. सिंहासनावर बसलेले महाराज, तोफ, वाघ, गवळण, आणि भाला घेतलेले मावळे. एका साच्यांतून शेंकडों मावळे निघतात आणि एकाच कुंचल्यानें ते रंगतात. त्यांत कारागिराला दोष देण्याचें कारण नाहीं. दिवसाकाठीं जो ढीगभर बाहुलीं रंगवितो आणि चार पैशांत विकतो, त्यानें प्रत्येकाच्या अंगरख्याचा विचार करावा, ही अपेक्षाच अन्यायाची होय. हा विचार घेणाऱ्यानें करावयाचा आहे.

मला तो सुचला तो एका दूरच्या वाटेनें. माझा एक जुना विद्यार्थी आमच्याच वस्तींत राहतो. दिवसा कचेरींत काम करतो आणि रात्रीं मेजावरच्या दिव्याखालीं, डोळ्यास भिंग लावून, धातूचे इवलेसे शिपाई रंगवीत बसतो. अंगठ्याच्या पेराएवढे, म्हणजे सुमारें २८ मिलिमीटर उंचीचे हे शिपाई एकोणिसाव्या शतकांतील प्रशियाचें पायदळ असतें. त्याचे मित्र जमले म्हणजे मेजावर डोंगर, नदी, रस्ते मांडून, फांसे टाकून आणि फूटपट्टीनें अंतरें मोजून जुन्या लढाया पुन्हां खेळतात. प्रथम मला हा पोरखेळ वाटला. परंतु त्यानें त्या शिपायाचा पोशाख समजावून सांगितला, तेव्हां मी थक्क झालों.

प्रशिया हें जर्मनींतील राज्य. तेथें राइस्विट्झ नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें इ. स. १८२४ मध्यें नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, आणि सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्या खेळाला मान मिळाला. त्यांत शिपायांच्या जागीं तांबडे आणि निळे ठोकळे असत. पुढें न्यूरेंबर्ग शहरांत एर्न्स्ट हाइनरिक्सन यानें १८३९ मध्यें कथलाचे चपटे शिपाई ओतण्याचा कारखाना काढला. इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स यानें तर १९१३ मध्यें अशा खेळण्यांच्या लढायांवर एक पुस्तकच लिहिलें. म्हणजे या छंदाच्या मागें मोठी परंपरा आहे.

आतां त्या शिपायाकडे पाहा. १८४२ मध्यें त्याच्या डोक्यावर टोंकदार शिरस्त्राण आलें आणि त्याच सुमारास जुना शेपटीचा कोट जाऊन अंगांत गडद निळा आंखूड डगला आला. गळपट्टी तांबडी. खांद्यावरच्या पट्टीचा रंग कोठें पांढरा, कोठें तांबडा, कोठें पिवळा, तर कोठें फिकट निळा. तो कोणत्या सैन्यविभागाचा, हें त्यावरून कळावयाचें. पट्टीवर पलटणीचा आंकडा. कमरेचा पट्टा बहुतेकांचा पांढऱ्या कातड्याचा, परंतु फ्युझिलिअर म्हणविणाऱ्यांचा काळा. हें सर्व सरकारी हुकुमानें ठरलेलें. यांतील एक पट्टी चुकली, तर जाणता माणूस लागलीच बोट ठेवतो. माझा विद्यार्थी एका गळपट्टीवर तीन संध्याकाळ घालवितो, त्याचें कारण हें.

मीं त्याला सहज विचारलें, "अरे, एवढी मेहनत परक्या शिपायावर करतोस; मग आपल्या मावळ्यानें काय पाप केलें?" त्यानें उत्तर दिलें, "गुरुजी, प्रशियाच्या गणवेशाचें पुस्तक आहे. मावळ्याच्या गणवेशाचें पुस्तक कोठें आहे?"

श्रोतेहो, प्रश्न बिनतोड होता. पुष्कळ विचार केल्यावर मला असें दिसून आलें, कीं उत्तर त्या प्रश्नांतच दडलेलें आहे. मावळ्याच्या गणवेशाचें पुस्तक नाहीं, कारण मावळ्याला गणवेशच नव्हता. ही आपल्या माहितींतील उणीव नव्हे. ही स्वतःच इतिहासांतील एक मोठी गोष्ट आहे. प्रशियाचा शिपाई राजाच्या कोठींतून निघालेला डगला घाली. मावळा आपल्या घरून, आपल्या खोऱ्यांतून, अंगावर असेल त्या कपड्यानिशीं येई. ज्या सैन्याला गणवेश नव्हता, त्याला एका रंगांत रंगविणें म्हणजे तें सैन्य कोणाचें होतें, हेंच पुसून टाकणें होय.

मग आपल्याला निश्चित असें कांहींच ठाऊक नाहीं काय? पुष्कळ ठाऊक आहे. राजाराममहाराजांच्या काळीं जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत महाराजांच्या लष्कराची रचना दिली आहे. पायदळांत नऊ पाइकांवर एक नाईक, पांच नाइकांवर एक हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. घोडदळांत बारगीर आणि शिलेदार असे दोन भेद. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. साताऱ्यास राहून गेलेला ग्रँट डफ यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत पोशाखाचेंहि वर्णन केलें आहे. मराठा स्वाराची गुडघे झांकणारी हलकी तुमान, कापूस भरलेली अंगरखी, आणि डोक्यास पागोटें. पुष्कळजण पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेत. कमरेस वस्त्र गुंडाळलेलें असे आणि तलवार पट्ट्याला न अडकवितां बहुधा त्या वस्त्रांतच खोंवीत. पायदळांतील मावळे तलवारीच्या कामांत निष्णात, तर कोंकणांतले हेटकरी नेमबाजींत. दर दहांतील एकजण बंदुकीऐवजीं धनुष्यबाण बाळगी, कारण रात्रींच्या छाप्यांत बंदुकीचा आवाज नको असे. ग्रँट डफनें हें महाराजांमागून जवळजवळ दीडशें वर्षांनीं लिहिलें, हें ध्यानांत ठेवावें; तरी बाहुलें रंगविणाऱ्याला यांत केवढें भांडवल आहे!

चित्रांची मदत घेतांना मात्र सावधगिरी हवी. मनुची या इटालियन प्रवाशानें मीर महंमद नांवाच्या चित्रकाराकडून १६८६ पूर्वीं कांहीं चित्रें काढवून घेतलीं. तीं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. त्यांतील एका चित्रांत महाराज घोड्यावर असून भोंवतीं पायींचे लोक आहेत. असें समकालीन चित्र मोलाचें. परंतु चित्र जुनें दिसलें म्हणजे तें खरेंच असतें, असें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत एका दुसऱ्याच सरदाराचें चित्र कित्येक वर्षें शिवाजीमहाराजांचें म्हणून घरोघर लागलें होतें! इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं खरें चित्र शोधून काढलें आणि १९३३ मध्यें तें लोकांपुढें आलें, तेव्हां हा भ्रम दूर झाला. प्रत्यक्ष छत्रपतींच्या मुखाविषयीं जर समाजाची अशी फसगत होऊं शकते, तर बिचाऱ्या मावळ्याच्या पागोट्याची काय कथा?

आतां रंगांविषयीं. रंगालाहि वय असतें. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मध्यें इंग्लंडांत पर्किन यानें लावला. तत्पूर्वीं कापडाला मिळत ते रंग वनस्पतींचे, किड्यांचे आणि मातीचे: निळीचा निळा, आल आणि मंजिष्ठ यांचा तांबडा, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा केशरी-गुलाबी. डोळे दिपविणारा नारिंगी, जो आज बाजारच्या मावळ्याच्या डोक्यावर झळकतो, तो सतराव्या शतकांतील शेतकऱ्याच्या पागोट्याला कोठून मिळणार? शिवाय गरिबाचें कापड बहुधा कोरें असावयाचें, म्हणजे पांढरें नव्हे तर किंचित् पिवळट, मातकट. रंगाच्या दुकानांत 'प्रशियन ब्ल्यू' नांवाची कुपी मिळते. तो रंग अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें निघाला. महाराज १६८० मध्येंच निवर्तले होते. म्हणून मावळ्याचें निळें मुंडासें निळीच्या छटेचें करावें. गंमत अशी, कीं एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील कापडासाठीं लागणारी नीळ फार मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानांतूनच जात असे. १८९७ पासून जर्मनींत कारखान्यांतली कृत्रिम नीळ विकूं लागली, तेव्हां हा व्यापार बसला. रंगाच्या एका कुपींत इतका इतिहास सांठलेला असतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, मुलांचा खेळ आहे, भगवा रंग आपल्या श्रद्धेचा आहे, तो कां काढतां?" मी तो मुळींच काढीत नाहीं. निशाण भगवें असूं द्या, तें किल्ल्याच्या सर्वांत उंच बुरुजावर लावा. माझें म्हणणें इतकेंच, कीं निशाणाचा रंग एक आणि त्याखालीं उभ्या राहणाऱ्या माणसांचे कपडे अनेक, यांतच त्या निशाणाची थोरवी आहे. एकाच कोठींतला डगला घातलेले शिपाई हुकुमानें एकत्र येतात. नाना खोऱ्यांतलीं, नाना कपड्यांतलीं माणसें विश्वासानें एकत्र येतात. कवायती पलटणी पुढें आल्या; महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयन यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस तशा उभ्या केल्या, आणि कंपनीच्या मुंबईकर शिपायांच्या अंगांत तांबडे डगले होते. त्यांचीं बाहुलीं एका रंगांत अवश्य रंगवावीं. मावळ्यांचीं नव्हे.

हें घरीं कसें साधावें, तें सांगतों. शक्य तर न रंगविलेलीं बाहुलीं मिळवावीं. तीं नसतील, तर बाजारच्या बाहुल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यावा आणि तो पुरता वाळूं द्यावा. वरचा रंगहि पातळ करून दोन हातांनीं चढवावा. एकदांच जाड थापला, तर नाक-डोळे बुजतात. कपड्याच्या चुण्यांत पाणचट तपकिरी रंग सोडला, म्हणजे सांवली पडल्यासारखी दिसते. चुणींच्या उंच कडांवर फिकट रंगाचा कोरडा कुंचला नुसता फिरवावा. शेवटीं पायांवर थोडी काव लावावी, कारण सह्याद्रीच्या तांबड्या वाटांनीं चालणाऱ्याचे पाय स्वच्छ राहात नाहींत. बाहुलीं दहा घ्यावींत: एक नाईक आणि नऊ पाईक. एकाच्या हातीं धनुष्य द्यावें. एखाद्याला हेटकरी करावा. कोणाचें मुंडासें कोरें, कोणाचें निळें, कोणाचें विटक्या तांबड्या रंगाचें. एखाद्याच्या अंगरख्याला ठिगळहि लावावें. जें निश्चित ठाऊक नाहीं, तें साधें ठेवावें. दागिने, जरीकांठ, झिलईचें चिलखत यांची भर घालूं नये. आणि रंगवितांना प्रत्येकाविषयीं मुलाला विचारावें, "हा कोठला? याच्या घरीं कोण आहे? हा परत केव्हां जाणार?" महाराजांचें लष्कर पावसाळ्यांत छावणीस येई आणि दसऱ्यानंतर पुन्हां मुलुखगिरीस निघे, हें त्याला अशा वेळीं सांगितलें, तर तें कधीं विसरावयाचें नाहीं.

आणखी एक सूचना आमच्या भोईवाड्याच्या वतीनें करतों. या वस्तीच्या नांवांतच भोई आहे. भोई म्हणजे पालखीला खांदा देणारा. १६६० च्या जुलै महिन्यांत, भर पावसांत, महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटून विशाळगडाकडे गेले, ते पालखींतून गेले असें सांगतात. बाजीप्रभूंचें बाहुलें आपण घेतों, आणि तें घ्यावेंच. परंतु त्या रात्रीं चिखलांतून धांवणाऱ्या भोयांचें बाहुलें बाजारांत मीं अद्याप पाहिलें नाहीं. शाडूचा एक गोळा घेऊन मुलांनीं तें स्वतः करावें. पाठ वांकलेली, धोतर गुडघ्यावर खोंवलेलें, डोक्यावर भिजलेलें फडकें. त्याला भडक रंग लागणार नाहीं. कोरा, तपकिरी आणि काव हे तीन रंग पुरेत.