चौथा हंगाम आणि बाईचे दुखणे

(बीड जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी महाविद्यालयात आम्हाला हंगाम तीन शिकवले : खरीप, रब्बी आणि उन्हाळी. बीड जिल्ह्यात चौथा हंगाम आहे आणि तो कोणत्याही पुस्तकात नाही. दसरा-दिवाळी आली, की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, परळीच्या वाड्यांवर आणि तांड्यांवर ट्रक उभे राहतात. भांडीकुंडी, शेरडे, लेकरे गाडीत घालून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, ती पाडव्याच्या आगेमागे परत येतात. हा कोयत्याचा हंगाम. या हंगामाचा आणि आपल्या घरातल्या बाईच्या दुखण्याचा संबंध काय, एवढे एकच आज मांडायचे आहे.

आभाळाने सोडले, मुकादमाने धरले

आधी पावसाचे बघू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे, ते कोरडे पडले होते. २०२३ साली अख्खा ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नाही. सोयाबीन फुलात आणि शेंगेत असते ते हेच दिवस. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि सप्टेंबरात सिंदफणा, गोदावरीचे पाणी शेतात शिरले. काढणीला आलेले सोयाबीन जागेवर कुजले, काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली.

पाऊस किती पडला, याची सरासरी काढून सरकार समाधान मानते. पीक सरासरीवर येत नाही, ते वेळेवर पडलेल्या पावसावर येते. खरीप हुकला आणि रब्बी ज्वारीला ओल मिळाली नाही, की कोरडवाहू शेतकऱ्याकडे विकायला एकच माल उरतो, स्वतःचे हातपाय. बी-खताची उधारी असते, लेकीचे लग्न असते, दवाखाना असतो. मुकादमाची उचल घेतली जाते. ऊसतोड मजूर म्हणून कोणी वेगळी जात जन्माला येत नाही. भाव न मिळालेला आणि पावसाने सोडलेला शेतकरी म्हणजेच ऊसतोड मजूर.

आता गाळपाचा हंगामही ठिकाणावर राहिलेला नाही. २०२१-२२ ला राज्यात १३ कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला आणि धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. मे महिन्याच्या उन्हात बाया फडात होत्या. २०२४-२५ ला उलट झाले. ऊस कमी, कारखाने लवकर बंद. हंगाम लांबला तर अंग मोडते, आखडला तर उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या सालावर चढते. दोन्हीकडून तोटा कोयत्याचाच.

कोयता म्हणजे दोन माणसे, हिशेबात एक

नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, पैसे नवऱ्याच्या हातात. बाईचे नाव कुठेच नाही. आणि काम? पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर साळायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे. रात्री-अपरात्री गाडी आली तर तेव्हाही भरायची. राहायला कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबचे. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आडोसा नाही. बाळंत होऊन महिना झाला नाही तोच बाई पुन्हा फडात.

एक दिवस काम बुडाले तर खाडा. २०१९ साली हा प्रकार गाजला तेव्हा दिवसाला ५०० रुपये खाडा कापला जात असल्याचे बायांनी सांगितले होते. म्हणजे मजुरी तर बुडालीच, वर दंड. महिन्यातले तीन-चार दिवस पोटात दुखते, अंगावरून जाते, पांढरे जाते. ती दवाखान्यात जाते. औषध-गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या दुखण्यालाही सांगितले जाते, ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका.’ लेकरे झालेली असतात. पिशवी काढली तर पाळी नाही आणि खाडा नाही. ऑपरेशनचे पैसे उचलीतून जातात आणि ते फेडायला बाई पुन्हा फडात उभी राहते.

आकडे काय सांगतात

डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. २०१९ साली जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांत हेच प्रमाण देशात शंभरात तीनच्या आसपास होते. दोन पाहण्यांतल्या वयात थोडा फरक धरला, तरी एवढी तफावत वयाने भरून निघत नाही.

काही जण म्हणतात, ‘बाई स्वतःच म्हणते, काढा.’ खरे आहे, म्हणते. पण दुष्काळात बैल विकणारा शेतकरीही स्वतःच बाजाराला जातो. म्हणून त्याला बैल नको होता असे कोणी म्हणेल काय? पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर तिशी-पस्तिशीतच म्हातारपण येते. हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगाची आग होते. खाडा वाचला तो पाच-सात वर्षांचा, दुखणे लागले ते जन्माचे.

राजकारणाचे काय?

२०१९ नंतर काहीच झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणी सुरू झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, त्याला गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये ठरले. १० कोटी टन गाळप धरले तर ते १०० कोटी होतात. यातला किती पैसा फडातल्या बाईच्या औषधावर खर्च झाला, हे विचारणे आपले काम आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही चांगली झाली. पण दर वाढला तरी खाड्याची रीत तशीच आहे.

२०२४ च्या विधानसभेला मजुरांचे मतदान हुकू नये म्हणून गाळप मतदानानंतर सुरू करावे, अशी मागणी झाली होती. मागणी रास्तच होती. पण मतदानासाठी हंगाम पुढे ढकलायचा विचार होऊ शकतो, तर आजारी बाईसाठी एक दिवस का थांबता येत नाही? मत एकीचे एकच मोजतात, मजुरी मोजताना तिला अर्धा कोयता का धरतात?

आपण काय करायचे

या सभेत मुकादम आहेत, ऊस लावणारे शेतकरीही आहेत. त्यांनाही सांगतो. मुकादमही कारखान्याकडून उचल घेतो आणि टोळी पळाली तर त्याची जमीन जाते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून मुकादमाला शिव्या देऊन प्रश्न सुटणार नाही. खाड्याचा भार कारखान्याच्या हिशेबात गेला पाहिजे. साखरेच्या दरात वाहतूक धरतात, बारदाना धरतात, तर तोडणाऱ्या बाईचे आजारपणही धरा.

येत्या हंगामाआधी गावोगाव चार गोष्टी करायच्या. पहिली, करारावर बाईचे नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहायची. दुसरी, पाळी, आजार आणि बाळंतपण यांना खाडा नाही, हे करारातच लिहून घ्यायचे. तिसरी, कोणी पिशवी काढायला सांगितले, तर अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घेतल्याशिवाय सही करायची नाही. चौथी, तळावर पाणी, संडास आणि आठवड्याला डॉक्टर देणार नाही त्या कारखान्याला टोळी द्यायची नाही. ही चौथी एकट्याने जमणार नाही, तालुक्याने मिळून करावी लागेल.

पाऊस आपल्या हाती नाही. करार आपल्या हाती आहे. घरी गेल्यावर तो मायबहिणींसमोर वाचून दाखवा, आणि वाचता आला नाही तर अंगठा देऊ नका.