शैलजाताई जैन : खेळाडू ते राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक



नंदुरबार आपल्याच नाशिक विभागात मोडते. त्या नाशिकला कर्मभूमी मानणाऱ्या शैलजाताई जैन यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

नागपूरला जन्मलेल्या शैलजाताई कबड्डी खेळल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. राज्याच्या क्रीडा विभागात दीर्घ सेवा करून त्या निवृत्त झाल्यावर इराणकडून महिला संघाच्या प्रशिक्षकपदाचे आमंत्रण आले. त्या शाकाहारी, त्यामुळे परमुलखातील आहाराची चिंता मनात होतीच. (प्रवासाला निघताना डबा बांधून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको!) तरीही त्या गेल्या. फारसी शिकल्या. सरावात त्यांनी योग आणि प्राणायाम आणला. तीस सेकंदांच्या चढाईत दम घुमवायचा, तर श्वासावर ताबा हवाच.

आशियाई क्रीडा स्पर्धांत महिला कबड्डीचा समावेश 2010 साली झाला. ते सुवर्ण आणि 2014 चेही भारताने जिंकले. 2014 च्या अंतिम सामन्यात हरलेला संघ इराणच होता. 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्ता येथे पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. मध्यंतराला भारत 13-11 असा पुढे होता. शेवटी इराण 27-24 ने जिंकला. डोक्याला रुमाल बांधून खेळणाऱ्या त्या मुली आनंदाने रडत होत्या.

तेव्हा पुष्कळांनी विचारले, स्वदेशाविरुद्ध परक्यांना शिकवणे कितपत उचित? मला हा प्रश्न पटत नाही. आम्हा कापड व्यापाऱ्यांचा गज ओळखीच्या गिऱ्हाइकाला लांब आणि परक्याला आखूड नसतो. ज्यांनी विश्वासाने मुली हाती दिल्या, त्यांना हात राखून शिकवणे हीच खरी लबाडी ठरली असती. शिवाय भारतीय संघाची जबाबदारी आपल्याकडे आली नाही, ही खंत ताईंनी स्वतः वृत्तपत्रांना सांगितली होती. घरच्या गुणाची पारख परगावच्या पेढीने आधी केली, याचा दोष ताईंवर कसा टाकावा?

आणि त्या पराभवाने आपला संघ संपला नाही. 2023 साली हांगझोऊ येथे तैवानच्या संघाला 26-25 असे अवघ्या एका गुणाने हरवून भारतीय मुलींनी सुवर्ण परत आणले. इराणला त्या वेळी कांस्यपदक मिळाले.