पेटीतली पेटी

सन्माननीय अध्यक्ष, डॉक्टर मंडळी, आशाताई, अंगणवाडीसेविका आणि मुलींनो, सोपाऱ्याच्या आचोळ्यात तुमचं मनापासून स्वागत. स्टेशनपासून इथवर यायला जो वेळ लागला त्याबद्दल आधीच हात जोडतो. पाहुण्यांसाठी रिक्षा सांगून ठेवल्या होत्या. त्या तुमच्याच मागे अडकल्या.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सोपाऱ्याच्या माणसावर हा अन्याय आहे. हे प्राचीन शूर्पारक, अशोकाचा लेख सापडलेलं बंदर! इथल्या एका टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि आत निघाला विटांचा स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. भोवती आठ मूर्ती. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. लायडन विद्यापीठानं पंडितजींना सन्माननीय डॉक्टरेट दिली, म्हणजे तेही आपल्यातले डॉक्टरच. आज आमच्या स्टेशनवर उतरणाऱ्या शंभर जणांना विचारा, भगवानलाल कोण? एकानं सांगितलं तरी मी पेढे वाटीन. कोणी म्हणेल, स्तूप पश्चिमेला, आचोळं पूर्वेला. अहो, रूळ नंतर आले!

तर मुद्दा असा की तांबं, चांदी, सोनं, सगळं निघालं. करंडकांत लोखंडाचा एकही नाही. लोहाची कमतरता आमच्याकडे इतकी जुनी.

हसू नका, पुढचं खरं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५७ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. गेल्या महिन्यात मी पुतणीची कंपासपेटी उघडली. खाली कागदाची पुडी, पुडीत लोहाच्या सात निळ्या गोळ्या. आठवड्याला एक, म्हणजे सात आठवडे पोरगी गिळल्याचं नाटक करत होती. "काका, मळमळतं." आमच्या आशाताईंनी समजावलं, उपाशीपोटी नको, जेवल्यावर घे, शी काळी झाली तर घाबरू नकोस. हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

आता व्यवस्थेतल्या त्रुटी. मी हौसेनं आज वाटायच्या प्रत्येक पिशवीत वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घातली, रक्त वाढतं म्हणून. काल डॉक्टरबाईंनी सांगितलं, त्यात लोह फारसं नसतं. गोड मानून घ्या. जेवणाबरोबर चहाही ठेवला होता. चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही म्हणे. तीन पातेली उकळून तयार, आणि आचारी रुसलेला. म्हणून चहा चारला. ताटात अळू आहे, लिंबाची फोड आहे, ती टाकू नका. पंखे कमी आहेत, महिलांच्या बाजूला नळ बारीक चालतो, माईक मधूनच कुरकुरतो; सगळं माझ्या खाती मांडा.

आता आभार. मंडप आणि खुर्च्या फुकट देणारे, पिशव्या देणारे कापडवाले, रात्री बारापर्यंत अळू निवडणाऱ्या बचत गटाच्या बायका, आणि नाव घेऊ नका म्हणणारे तांदळाचे देणगीदार. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याकडे पाहू नका, लाजतात.