खर्च कोणाचा, उत्पन्न कोणाचे? : अमेरिकेतील आरोग्यसेवेचा वाद

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही आणि अर्थशास्त्राचा अभ्यासकही नाही. कला शाखेचा पदवीधर आहे व बँकेत कारकून आहे. तेव्हा आजच्या विषयावर मी अधिकारवाणीने बोलणार नाही. जमा आणि नावे या दोन बाजू रोज पाहणाऱ्या माणसाला जे दिसले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा विषय घेण्याचे कारण आपल्या संस्थेची वादविवाद स्पर्धा. गेल्या वर्षीचा विषय होता, 'आरोग्यसेवा ही सरकारचीच जबाबदारी आहे'. मी परीक्षक होतो. अनुकूल बाजूचा मुलगा म्हणाला, अमेरिकेकडे पाहा, बाजाराच्या हाती सेवा दिली की काय होते ते! प्रतिकूल बाजूच्या मुलीने उत्तर दिले, अमेरिकेकडेच पाहा, सरकार एवढा पैसा ओतते तरी पुरत नाही! टाळ्या दोघांनाही मिळाल्या. गुण देताना मी मात्र अडलो, कारण दोघांचे म्हणणे निम्मे निम्मे खरे होते.

अमेरिकेने २०२३ साली आरोग्यसेवेवर सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हे १७.६ टक्के होतात, म्हणजे माणशी साडेचौदा हजार डॉलर. १९६० साली हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. एवढे करून तेथील सरासरी आयुर्मान २०२३ साली ७८.४ वर्षे होते. याहून बराच कमी खर्च करणाऱ्या जपानचे ८४ वर्षे आहे. आयुर्मान केवळ दवाखान्यावर अवलंबून नसते हे मान्य, पण पैशाच्या मानाने पदरात काय पडले, हा प्रश्न उरतोच.

ही व्यवस्था कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पगारवाढीवर सरकारी बंधन आले. कारखानदारांना माणसे तर हवी होती. पगार वाढवता येईना, म्हणून त्यांनी आजारपणाचा विमा देऊ केला. पुढे १९५४ च्या कायद्याने या विम्यावरची करमाफी पक्की केली आणि नोकरी व दवाखाना यांची गाठ बसली ती आजतागायत. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ साली सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याची सूचना केली होती, पण डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. मग नोकरी नसलेल्यांचे काय? त्यातील वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी आणल्या. मेडिकेअरचे पहिले कार्ड त्यांनी म्हाताऱ्या ट्रुमनना दिले. मधले लोटले गेले ते मधेच राहिले.

माझा भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो. एकदा रात्री पोटात दुखू लागले म्हणून तो रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेला. पुढे विमा कंपनीकडून त्याला एक कागद आला. "मामा, तुम्ही बँकेतले, तुम्हीच सांगा," म्हणून त्याने मला त्याची प्रत पाठवली. वर ठळक अक्षरांत लिहिले होते : हे बिल नाही. खाली तीन रकाने. रुग्णालयाने लावलेली रक्कम, कंपनीने मान्य केलेली रक्कम आणि रुग्णाने द्यायची रक्कम. मान्य झालेली रक्कम लावलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी! उरलेले पैसे कोणाच्या खात्यावर पडले? कोणाच्याच नाही, ते मुळात नव्हतेच. मी इतकी वर्षे खातेवही पाहतो, पण एकाच तपासणीला चार गिऱ्हाइकांचे चार भाव आणि खरा भाव कोणता हे गिऱ्हाइकाला आधी ठाऊकच नाही, असा व्यवहार पाहिला नव्हता. अशा प्रत्येक भावासाठी एका बाजूला रुग्णालयाचा कारकून बसतो, दुसऱ्या बाजूला कंपनीचा. दोघांचे पगार त्याच बिलातून निघतात.

येथे मला जमाखर्चाचा साधा नियम आठवतो. एकाच्या नावे पडलेली रक्कम दुसऱ्याच्या जमेला असते. ४.९ लाख कोटी डॉलरचा खर्च म्हणजे तेवढेच कोणाचे तरी उत्पन्न. त्यात औषध कंपन्यांचा नफा आहे, तसा परिचारिकेचा पगारही आहे. अनेक लहान गावांत रुग्णालय हेच सर्वांत मोठे रोजगाराचे ठिकाण असते. 'खर्च कमी करा' असे सारेच म्हणतात, पण 'माझे उत्पन्न कमी करा' असे कोणी म्हणत नाही. आमच्याकडे बँकांचे विलीनीकरण झाले तेव्हा कागदावर बचत दिसली आणि आमच्या बदल्या झाल्या. त्यामुळे त्या कारकुनांविषयी मला, खरे सांगायचे तर, थोडी सहानुभूतीच आहे.

सुधारणेचे प्रयत्न याच खडकावर फुटत आले. क्लिंटन यांच्या १९९३ च्या विधेयकाची पाने १,३४२ होती. विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरदर्शनवर जाहिरात दाखवली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक नवरा-बायको काळजीने बोलताहेत, एवढेच त्यात होते. १९९४ साली ते विधेयक मतदानाला न येताच संपले. ओबामा यांनी यातून धडा घेतला. रुग्णालये आणि औषध कंपन्या यांच्याशी आधी समझोता करून २०१० चा कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारणे २०१४ पासून बंद झाले. साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते, ते २०२३ पर्यंत सुमारे २.६ कोटींवर आले. हे काम लहान नव्हे. परंतु समझोत्याची किंमत म्हणून भावाला फारसा हात लागला नाही. हप्ता परवडावा म्हणून सरकार मदत देत राहिले. २०२१ साली ती वाढवली आणि त्या वाढीव मदतीच्या वादावर २०२५ साली १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले. अखेर वर्षाअखेरीस तिची मुदत संपलीच.

दोन्ही बाजूंनी आपापले औषध करून पाहिले आहे, आणि वादपटूंनी नेमके हेच वाचावे. रुग्णाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागले तर तो जपून खर्च करील, असे एक मत. रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात दोन हजारांहून अधिक कुटुंबांवर हा प्रयोग केला. खर्च कमी झाला हे खरे. पण लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले. सर्वसाधारण माणसाची प्रकृती फारशी बिघडली नाही, मात्र गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब काबूत राहिला नाही.

दुसरे मत, सर्वांसाठी एकच सरकारी विमा. व्हरमाँट या छोट्या राज्याने २०११ साली तसा कायदाही केला. हिशेब मांडल्यावर दिसले की मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि त्याखेरीज लोकांच्या उत्पन्नावर नवा कर बसवावा लागेल. २०१४ च्या डिसेंबरात खुद्द त्या योजनेच्या पुरस्कर्त्या गव्हर्नरनीच ती सोडून दिली. वास्तविक लोक आधीही मोठा हप्ता भरतच होते, पण तो पगारातून परस्पर जात होता. कर मात्र डोळ्यांना दिसतो.

माझे मत विचाराल तर पैसे सरकारने द्यावेत की कंपनीने, या भांडणाआधी भाव कोण ठरवतो ते पाहावे. मेरीलँड राज्यात १९७० च्या दशकापासून रुग्णालयांचे दर एक आयोग ठरवतो, आणि कोणत्याही कंपनीच्या रुग्णाला तेच दर लागू होतात. औषधांच्या बाबतीत २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला भावाची घासाघीस करण्यासच मनाई केली होती. ती मनाई २०२२ साली काही औषधांपुरती उठली आणि पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. भाव बांधला तर नव्या औषधांचे संशोधन आटेल, असा आक्षेप आहे. तो पोकळ नाही, पण तेवढ्यासाठी कोणताही भाव मान्य करावा हे मला पटत नाही.

आपल्याकडेही आता हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे कवच आहे आणि उपचारांचे दर सरकार ठरवते. ते दर परवडत नाहीत, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते. ऐकताना ओळखीचे वाटते ना?

म्हणून यंदाच्या स्पर्धेसाठी मी समितीला विषय सुचवला आहे : 'रुग्णालयांचे दर सरकारने ठरवावेत'. अट एकच. आपल्या सूचनेने कोणाचे उत्पन्न घटेल आणि त्याची सोय काय, हे प्रत्येक वक्त्याने शेवटच्या मिनिटात सांगायचे. त्याला दहा गुण राखून ठेवले आहेत. ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी सभा संपल्यावर ग्रंथालयाच्या टेबलाशी नावे द्यावीत.